लातुरात समुद्राची काठी

केवळाबाईच्या मेसमध्ये पोरं मान खाली घालून जेवत. वर बघितलं की काहीतरी ऐकावं लागे.

"काय रे, भाजीकडं बघून तोंड वाकडं करतूस? बाप तिकडं हिमायतनगरात उन्हात उभा हाय, आन् तू हितं पोळी टाकून राहिलास. डाक्टर हुणार म्हनं. लोकाचं पोट फाडायच्या आदी सोताचं भरायला शीक."

पोरं हसू दाबायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच यायची. कारण तिचं वरण पातळ नसायचं आणि बोलणी सगळ्यांना सारखी मिळायची. कलेक्टरच्या भाच्यालाही तीच, निलंग्याच्या हमालाच्या पोरालाही तीच.

लातूर त्या काळात नुसतं फुगून राहिलं होतं. बारावीच्या पोरांचे लोंढे एसटीतून पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरायचे आणि गल्लीबोळांत मुरून जायचे. केवळाबाईचं त्यावर एक ठरलेलं मत होतं. ज्याला दुसरं काही जमलं नाही त्यानं खोल्या बांधल्या. ज्याला खोल्या बांधता आल्या नाहीत त्यानं मेस काढली. आणि ज्याला स्वयंपाकसुद्धा येत नव्हता तो शिकवायला लागला. हे ती शिकवणाऱ्यांच्या तोंडावर म्हणायची. सर लोक हसून घ्यायचे, कारण त्यांचे डबे तिच्याकडूनच जायचे.

तिच्या जिभेचा पहिला आणि कायमचा मानकरी मात्र तिचा नवरा शेषेराव. तो उंच, सडपातळ आणि कमी बोलणारा होता. उजवा खांदा जरा खाली उतरलेला. दोघं मूळची औसा तालुक्यातली, तेरणेकडच्या एका गावातली. त्र्याण्णवच्या भूकंपात ते गाव बसलं. गणपती बोळवून दमलेली माणसं झोपेतच माळवदाखाली गेली. केवळाबाईची सासू गेली. शेषेरावाच्या खांद्यावर तुळई पडली होती आणि कमरेपर्यंत माती. केवळाबाईनं त्याला हातांनी उकरून काढला. उकरताना ती रडत नव्हती, भांडत होती. "आवं, मरायचं आसंल तर सांगून मरा की! आसं गपचीप काय पडलाव?" शेजारचे लोक पुढं कितीतरी वर्षं ही गोष्ट सांगायचे.

मग मदत आली. तिचीही केवळाबाईनं यथास्थित संभावना केली. ऑक्टोबरच्या उन्हात लोकरीचे स्वेटर आले. उंच टाचांचे बूट आले. एका गाठोड्यात नुसते गळ्याचे टाय निघाले, ते तिनं शेळीच्या दाव्याला लावले. एक फोटोवाला आला आणि म्हणाला, "बाई, जरा रडता का?" ती म्हणाली, "तू आदी रडून दाव. मला जमतंय का बघते."

गावाला नवी घरं मिळाली, सरळ रेषेत, सिमेंटची. शेषेराव त्या घरात जेवायचा, कपडे बदलायचा, पण झोपायला बाहेर. पावसातही पत्र्याच्या पडवीला बाज लावून पडायचा. केवळाबाई त्याला भित्रा म्हणायची, रानडुक्कर म्हणायची. ती आत, छताखाली, दार लावून झोपायची आणि सकाळी उठून त्याला ते ऐकवायची. "म्या झोपले. मला काय झालं?" शेती थोडी, तीही कोरडवाहू. म्हणून दोघांनी लातूर गाठलं आणि मेस टाकली. तिथंही शेषेराव गच्चीवरच.

आता समुद्राचं.

भीमाशंकर सर रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांच्या क्लासच्या भिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो आणि मधोमध सरांचा सगळ्यात मोठा फोटो. एके वर्षी मे महिन्यात सर आपल्या मास्तरांना घेऊन कोकणात सहलीला निघाले आणि स्वयंपाकाला शेषेरावाला बरोबर नेलं. शेषेराव समुद्र पहिल्यांदा बघत होता. वाळूवर एक म्हातारा गुडघाभर लाटांत उभा राहून लांबच्या लांब काठीनं गळ फेकत होता. शेषेराव भाताचं पातेलं चुलीवर ठेवून तिकडं बघत राहिला. भात करपला. मास्तरांनी करपलेला भात खाल्ला, पण शेषेराव दुसऱ्या दिवशीही जाऊन तिथंच उभा.

परत आल्यावर चार दिवस तो नेहमीपेक्षाही गप्प होता. पाचव्या दिवशी कांदे निवडता निवडता म्हणाला, "मला तसली काठी घ्याची हाय."

"कसली?"

"समुद्रात गळ टाकायची. तिला दोरा गुंडाळायचं चक्र आस्तंय."

केवळाबाईनं हातातला कांदा खाली ठेवला. "आवं, लातुरात प्याला पानी न्हाई. टँकरच्या मागं घागर घेऊन पळून राहिलाव आन् समुद्राची काठी घेताव? टाकीत टाकनार का गळ?"

तो कांदे निवडत राहिला. पण विषय सोडला नाही. हेच तिला नवीन होतं. भूकंपापासून या माणसानं स्वतःसाठी काही मागितलेलं तिला आठवत नव्हतं. चहात साखर कमी पडली तरी तो तसाच प्यायचा. त्यामुळे तिनं आणखी आठ दिवस त्याला टोचून बघितलं. मेसवरच्या पोरांसमोर "आमचे कोळी" म्हणून हाक मारली. तो हसला, काठीचं मात्र त्यानं परत विचारलं.

इकडे भीमाशंकर सरांनीही कोकणातून एक काठी आणली होती. चौदा फुटी, सोनेरी रंगाची, तिच्यावर पितळेसारखं चमकणारं चक्र. ती त्यांनी ऑफिसात काचेच्या कपाटाच्या वर आडवी टांगली आणि पोरांना ध्येयावर भाषण दिलं. शेषेराव सल्ला विचारायला गेला. डबा पोचवायला म्हणून केवळाबाईही मागोमाग गेली.

"शेषेराव, घ्यायची तर सगळ्यात लांब घ्या," सर म्हणाले. "लांबी जास्त तितका गळ दूर. साधं गणित आहे. आणि चक्र जड पाहिजे. जड वस्तू मजबूत असते."

"सर, तुमी कितींदा टाकला गळ?" केवळाबाईनं विचारलं.

"अजून वेळ कुठं मिळतो?"

"मंग बरुबर हाय. तुमाला काठी कशाला पायजे? तुमच्या गळाला हितं बसल्या जागी पोरं लागून राहिलीत."

सर डब्याचं झाकण उघडून आत बघत बसले.

नांदेडला गोदावरीच्या अंगाला जिलानीचं दुकान होतं. जाळी, दोर, गळ, शिशाचे गोळे, भोई लोकांना लागणारं सगळं. जिलानी काही वर्षं कुवेतला राहून आला होता आणि त्याचा मेव्हणा अजून तिकडंच होता. तो येता-जाता समुद्राच्या काठ्या घेऊन यायचा, अशी माहिती मेसवरच्या एका नांदेडच्या पोरानं दिली. शेषेराव एकटाच निघाला होता. केवळाबाई चप्पल घालून दारात उभी राहिली.

"तुमाला वांगी घ्या म्हनलं तर किडकी आनताव. मी येते."

जिलानीनं दोघांना बसवलं, चहा मागवला आणि एक लांब काठी कोपऱ्यातून काढली. ही काठी बघितल्याबरोबर केवळाबाईनं नाक मुरडलं. तीही सोनेरीच होती.

"ही मिरवनुकीची दिसते. धरायची दावा."

"बाई, ये तो बडी नामी चीज हाय. चौदा फूट. अख्ख्या नांदेडात एकच."

"दुसरी कोनी घेतली न्हाई म्हनून एकच ऱ्हाइली आसंल."

जिलानी हसला. त्याची स्वतःची जीभही काही कमी नव्हती. दिवसभर गिऱ्हाइकांना वेड्यात काढण्यात त्याचा वेळ जायचा. पण या बाईसमोर तो जरा सावरून बसला. त्यानं काठी शेषेरावाच्या हातात दिली आणि गल्लीत चला म्हणाला.

गल्लीत शेषेरावानं काठी दोन्ही हातांनी धरली आणि डोक्यावरून मागं नेली. नेता नेता उजवा हात कानाच्या जरा खाली येऊन थांबला. काठीचं टोक लटपटलं आणि समोरच्या शिंप्याच्या छपराला लागलं. शिंपी बाहेर येऊन बघायला लागला. शेषेरावाचा चेहरा पडला. त्यानं पुन्हा हात उचलला, पुन्हा तिथंच अडकला.

"आसू दे," तो म्हणाला. "सराव झाला की जाईल वर."

"धा वर्सं झाली, आजून गेला न्हाई, आता काठी बघून जानार व्हय?" केवळाबाई म्हणाली. मग ती जिलानीकडे वळली. तिचा आवाज तोच होता, पण आता ती त्याच्याशी भाजीवाल्याशी बोलावं तशी कामाचं बोलत होती. "चाचा, ह्यांचा ह्यो हात खांद्याच्या वर जात न्हाई. भूकंपात तुळई पडली. त्या हिशोबानं द्या. लांबलचक नगं. बाजूनं फेकता आली पायजे. आन् चक्राची मूठ उजवीकडं नगं, डावीकडं पायजे. उजव्या हातानं ह्येंनी दिवसभर फिरवलं की मागून रातभर मलाच तेल चोळावं लागतं."

शेषेराव तिच्याकडे बघत राहिला. खांदा दुखतो हे तो घरात कधी बोलत नव्हता. तेल ती रागानं चोळायची आणि चोळताना त्याच्या सात पिढ्या काढायची.

जिलानीनं सोनेरी काठी परत नेऊन ठेवली. आतून साधी काळपट, दोन तुकड्यांत निघणारी दहा फुटांची काठी आणली. तिचं टोक मऊ होतं. त्यानं टोक जमिनीला टेकवून जरा दाबलं, तशी ती छान वाकली आणि सोडल्यावर सरळ झाली. "ह्ये घ्या. मेव्हणा म्हणतो, टोक वाकणारं असलं की गळ काठीच फेकते, माणसाला जोर कमी लागतो."

"मेव्हना म्हनतो? तुमी सोता कदी धरला का मासा?"

जिलानी ओशाळून हसला. मग म्हणाला, "नाही बाई. कुवेतला मी गोदामात कामाला होतो. समुद्र सुटीच्या दिवशी बघायचो. धरणारे दुसरे."

"बरं झालं खरं बोललाव," केवळाबाई म्हणाली. "मंग आता आपुन तिघंबी अडानी. नीट बघू."

आणि तिनं खरोखर नीट बघितलं. काठीवर दोरा ओवायच्या कड्या होत्या, त्यांतून तिनं पदराचा काठ ओढून पाहिला. एका कडीत पदराचा धागा अडकला, तशी तिनं ती काठी बाजूला सारली आणि तसलीच दुसरी मागितली. दुसरीत पदर घसरत गेला. मग चक्रं. एक पिंपासारखं गोल होतं. जिलानी म्हणाला, ते फेकताना अंगठ्यानं दाबून धरावं लागतं. केवळाबाईनं न दाबता गरकन फिरवलं आणि दोऱ्याचं असं घरटं झालं की जिलानीला ते कात्रीनं कापावं लागलं. दुसरं उघड्या तोंडाचं होतं, दोरा त्यातून पुढच्या पुढं सुटायचा. मूठ काढून दुसऱ्या बाजूला लावता येत होती. तिनं ते कानाजवळ नेऊन फिरवलं.

"ह्ये खरखर करतंय."

"नवं हाय, बसंल."

"पिठाच्या नव्या चक्कीत खडा आसला तर ती बसत न्हाई चाचा, दळनच बसतं. दुसरं दावा."

तिसरं चक्र गप्प फिरलं. ते घेतलं. वाळू आत जाऊ नये म्हणून त्याच्या सांध्याला पक्कं झाकण होतं. जिलानीनं सांगितलं की खाऱ्या पाण्यातून आलं की गोड्या पाण्यानं धुवा. "हां," केवळाबाई म्हणाली, "टँकर बोलवू त्याच्यासाटी." पण तिनं ते लक्षात ठेवलं.

एसटीत कंडक्टरनं काठीकडे बघून विचारलं, "ह्याचं तिकीट कोन काढनार?" "तुमच्या गाडीपेक्षा ती सरळ हाय, तिला बसू द्या," असं उत्तर देऊन केवळाबाईनं दोन्ही तुकडे मांडीवर घेतले आणि लातूरपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

सराव आपल्या गावी, नव्या वस्तीजवळच्या मोकळ्या रानात झाला; दुपारचे डबे गेले की दोघं तिकडं जायची. गळाच्या जागी नुसतं शिसं बांधायचं आणि फेकायचं. वस्तीवरची माणसं जमली. कुणी म्हणालं, ढेकळातून मासे निघतात का बघा. एकदा शिसं उलटं जाऊन ग्रामपंचायतीच्या पाटीवर वाजलं, तेव्हा तर लोक पोट धरून हसले. केवळाबाई शेषेरावाला स्वतः मनसोक्त हसली, पण दुसऱ्यांचं हसणं तिला खपलं नाही.

"तुमी काय फेकलं आजवर?" ती त्यांच्यावर उलटली. "सरकारनं घर दिलं तं त्याला चुनाबी लावला न्हाई. ह्ये मानूस निदान हात तरी हलवून राहिलाय."

शेषेराव बाजूनं, कमरेच्या उंचीवरून फेकायला शिकला. काठी वाकायची, शिसं शिट्टी मारत जायचं. पंधरा दिवसांत ते पार तुरीच्या पट्ट्यापलीकडं पडायला लागलं.

दिवाळीला पोरं गावी गेली, मेस बंद झाली आणि दोघं कोकणात निघाली. बिऱ्हाड भामाबाई नावाच्या एका विधवेच्या पडवीत टाकलं. केवळाबाई समुद्र बघायला गेली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "येवढंच?" मग हात बुडवून चव घेतली आणि थुंकली. "येवढं पानी, आन् घोटभर कामाचं न्हाई. आमच्या सर लोकाच्या ग्यानासारखं."

पहिला दिवस कोरडा गेला. शेषेराव गुडघाभर पाण्यात उभा, केवळाबाई मागं सुक्या वाळूवर. तिचं बोलणं चालूच होतं. माशांनी तुमाला वळखलं, लातूरचं पाव्हनं आल्यात म्हनून लांब पळाल्यात, वगैरे. भामाबाई येऊन कोळंबीचं आमिष कसं लावायचं ते दाखवून गेली.

दुसऱ्या सकाळी शेषेराव म्हणाला, "जरा काठी धर. गळाला ह्ये शेवटचं आमिष हाय, भामाबाईकडून आनिक घिऊन येतो."

"मी? पान्यात?"

"काठीला काय झालं तर?"

काठीसाठी म्हणून ती साडी खोचून पाण्यात उतरली. काठीचं बूड पोटाशी धरलं. एक लाट आली, गुडघ्याला लागली, मागं फिरली. आणि मागं फिरताना तिच्या तळपायाखालची वाळू ओढून घेऊन गेली.

केवळाबाईच्या तोंडातून आवाज फुटला नाही. टाचांखालून जमीन सरकत होती. सगळी नाही, थोडी थोडी, पण सरकत होती. तिला मातीचा वास आला. तुळईचा, चुलीतल्या राखेचा, सासूच्या गोधडीचा. तिला पळायचं होतं आणि पाय हलत नव्हते. दुसरी लाट आली, तिनंही पायाखालचं नेलं. केवळाबाई काठीला दोन्ही हातांनी असं धरून राहिली की बोटं पांढरी पडली. शेषेराव परत आला तेव्हा ती तशीच उभी होती, डोळे मिटून.

शेषेरावानं काठी घेतली नाही. तो नुसता तिच्या बाजूला उभा राहिला, खांद्याला खांदा लावून.

"जिमीन हालून राहिली," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता.

"हाव. हितं सारखीच हालती."

"तुमाला भ्याव न्हाई वाटत?"

"पयल्या दिवशी लई वाटलं," शेषेराव म्हणाला. "मंग बघितलं. हालती, पर वरून पडायला काय न्हाई. पाय जरा हलवून परत रोवायचा. बस."

तिनं डोळे उघडले. वर बघितलं. नुसतं आभाळ होतं. तिनं एक पाय उचलून पुन्हा रोवला, मग दुसरा. आणि मग इतक्या वर्षांत जे तिनं शेजारणीला, बहिणीला, देवालाही सांगितलं नव्हतं ते लाटांकडे बघत सांगून टाकलं. "म्या आत झोपते नव्हं? झोप लागत न्हाई मला. तुळई मोजत पडते. सिमिटात तुळई नस्ती, तरी मोजते."

शेषेराव "हं" एवढंच म्हणाला.

तेवढ्यात काठीच्या टोकाला हिसका बसला. मऊ टोक खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं.

"लागला! फिरीव, चक्र फिरीव!"

"तुमी घ्या!"

"तूच फिरीव!"

केवळाबाईनं चक्र फिरवायला सुरुवात केली आणि तिची जीभ परत आली. "ये, ये भाड्या. कुटं पळतूस? दोन दिस उनात उबी केलीस मला. आता सोडते व्हय?" मागं मागं सरत ती सुक्या वाळूपर्यंत आली. दोऱ्याच्या टोकाला वीतभर लांबीचा, पांढरा, चमकणारा मासा तडफडत होता.

भामाबाई बघायला आली. "मुडदुशी गो! चवीला एक नंबर."

"काय नाव म्हनलीस?"

"मुडदुशी."

केवळाबाई माशाकडे वाकून बघत राहिली. "नावातच मुडदा हाय. उगंच तोंड खराब केलं, आईबापानं आदीच शिवी दिऊन ठिवलीय ह्याला."

शेषेराव हसला. मोठ्यानं हसला. भामाबाईनं मासा धुऊन न्यायला उचलला. त्यानं काठीसाठी हात पुढं केला, तशी केवळाबाईनं ती आपल्याकडं ओढली.

"तुमी आमिष लावा. काठी ऱ्हाऊ द्या माज्याजवळ."

ती पुन्हा पाण्यात उतरली. लाट मागं फिरली की तिचा चेहरा आवळायचा, पाय उचलून ती पुन्हा रोवायची. दुपार होईपर्यंत तिनं बाजूनं फेकायचं शिकून घेतलं आणि शेषेरावाच्या फेकण्याला नावं ठेवायला मोकळी झाली.

निघायच्या दिवशी भामाबाईनं विचारलं, "मग, आवडला ना समुद्र?"

"त्येच्यात काय आवडायचं?" केवळाबाई काठीचे तुकडे फडक्यात बांधत म्हणाली. "सारखं ये-जा, सारखं ये-जा. एका जागी बसायची अक्कल न्हाई. पुढच्या दिवाळीला पडवी दुसऱ्या कोनाला दिऊ नगस."